टर्कीनंतरचे महिने

गर्द, म्हणजे हेरॉईन, सोडताना पहिल्या आठवड्यात काय होतं, हे बऱ्याच घरांना ऐकून तरी माहीत असतं. शेवटचा दम मारल्यापासून आठ-बारा तासांत नाक गळायला लागतं, जांभयांवर जांभया येतात, अंगावर काटा उभा राहतो. मग पोटात पिळे, उलट्या, जुलाब, हाडं ठणकणं आणि झोपेचं नाव नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हे सगळं कळसाला पोचतं आणि आठवड्या-दहा दिवसांत ओसरतं. गर्द ओढणाऱ्यांच्या बोलीत ही ‘टर्की’. तिची धास्ती एवढी, की सुरुवातीची मजा कधीच संपलेली असते आणि तरी माणूस निव्वळ टर्की लागू नये म्हणून वर्षानुवर्षं पुडीमागे धावत राहतो.

पण टर्कीला शेवट असतो. तिच्यावर औषधं आहेत, आणि मुलाला काय होतंय ते घरच्यांना डोळ्यांनी दिसतं. त्यानंतर येणारे महिने असे नसतात. ताप नाही, उलटी नाही, अंग दुखत नाही, वजनही वाढलेलं. तरी माणूस आतून विझल्यासारखा बसून असतो. गर्द सोडलेली बरीच माणसं टर्की निभावून नेतात आणि या महिन्यांत परत फिरतात. आपल्याकडे व्यसनमुक्तीवर बोलताना सगळा जोर ‘सोडलं का?’ या प्रश्नावर असतो. सोडल्यावर काय, याची तयारी ना घराची असते ना त्या माणसाची.

सोलापूरकर वाचक इथे म्हणतील, ‘हे मुंबई-पुण्याचं, आमच्याकडे कुठलं?’ आपल्याकडे हातभट्टी, शिंदी, गुटखा, हे खरंच. पण 2023च्या ऑक्टोबरात मुंबई पोलिसांनी मेफेड्रोन म्हणजे एमडी बनवणारा कारखाना पकडला तो मोहोळ तालुक्यातल्या चिंचोळी औद्योगिक वसाहतीत, शहरापासून गाडीने थोड्या वेळाच्या अंतरावर. एमडी हे गर्दहून वेगळं रसायन, त्याची उतरणही वेगळी. पण ‘आमच्याकडे नाही’ हे वाक्य त्या दिवसापासून बाद झालं. शिवाय मुलं शिकायला आणि नोकरीला पुण्या-मुंबईलाच जातात. देशाचा आकडा सांगायचा तर केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या ‘एम्स’ने केलेल्या आणि 2019 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत 10 ते 75 वयोगटातले सुमारे 2 कोटी 26 लाख लोक अफू, हेरॉईन किंवा तत्सम गोळ्या-इंजेक्शनं वापरताना आढळले. त्यातले साधारण 77 लाख उपचाराची गरज असण्याइतके अडकलेले होते. अफूवर्गातल्या पदार्थांत हेरॉईनच पुढे होतं.

तेव्हा जुळे सोलापुरातलं एक घर डोळ्यांसमोर आणू. खरं घर नाही, अनेक घरांवरून बेतलेलं. विजापूर रस्ता आणि होटगी रस्ता यांच्या मधल्या पट्ट्यातला दोन खोल्यांचा फ्लॅट. वडील निवृत्तीला टेकलेले, आईचं शिवणकाम. पुण्याला कामाला गेलेला मुलगा तिथे गर्दच्या नादी लागला, दोन वर्षांनी ते उघडकीला आलं, त्याला तिथल्याच व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं आणि आता हुतात्मा एक्स्प्रेसने घरी आणलंय. पहिले पंधरा दिवस सणासारखे. मावशी येऊन गेली, ‘तोंडावर तेज आलंय’ म्हणाली. मग हळूहळू तो अकरापर्यंत अंथरुणातून उठेना. रात्रभर जागा, पहाटे डोळा लागायचा. चहाचा कप कॉटशेजारच्या स्टुलावर, त्यावर साय धरलेली. ताटात आवडीची कडक भाकरी आणि शेंगाचटणी, तीही अर्धी टाकलेली. क्रिकेटचा सामना लावला तर पडद्याकडे बघतोय एवढंच. आई म्हणते, “ऊठ की रे, किती झोपायलास?” वडील तिच्याकडे बघून बोलतात, पण त्याला ऐकू जाईल असं: “सोडलंय ना आता? मग तोंड पाडून बसायला काय झालंय?”

वडिलांचा प्रश्न अगदी रास्त आहे. त्याला शरीरशास्त्रात उत्तर आहे, आणि ते घरच्यांना माहीत असलं तर निम्मी भांडणं टळतात.

आपल्या मेंदूत वेदना दाबणारी आणि बरं वाटायला लावणारी स्वतःची रसायनं असतात. अफूवर्गातल्या पदार्थांसाठी मेंदूत ठरावीक जागा असतात, हे 1973 साली अमेरिकेत कँडेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर यांनी दाखवलं. मेंदूत या जागा अफूची वाट बघत बसलेल्या असण्याचं काही कारण नव्हतं. म्हणजे तिथे बसणारं काहीतरी शरीर स्वतःच बनवत असणार. दोन वर्षांत स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीन इथे जॉन ह्यूज आणि हान्स कोस्टरलिट्झ यांना ते सापडलंही. चटका बसल्यावर थोड्या वेळाने वेदना बोथट होते, लांब चालून आल्यावर हलकं वाटतं, आईच्या हाताने डोक्यावर तेल घातल्यावर डोळे मिटतात, या सगळ्यांत या घरच्या रसायनांचा वाटा असतो. हेरॉईन त्याच जागांवर बसतं, पण कितीतरी पटीने जोरात, आणि त्याबरोबर सुखाची अपेक्षा व ओढ निर्माण करणाऱ्या डोपामिनचा लोंढा सुटतो.

हे रोज, दिवसातून तीन-चार वेळा, वर्ष-दोन वर्षं चाललं की मेंदू बचावाला उतरतो. त्या जागांची संवेदनशीलता कमी करतो. डोपामिन ग्रहण करणारी केंद्रं घटतात; व्यसनी माणसांच्या मेंदूच्या स्कॅनमध्ये हे दिसलेलं आहे. शिवाय उलट बाजूला ओढणारी, अस्वस्थता आणि उदासी आणणारी यंत्रणा जोर धरते. डायनॉर्फिन नावाचं रसायन त्यातलं एक. आता गर्द बंद झालं. बाहेरून येणारा पुरवठा थांबला, पण मेंदूने केलेली ही मांडामांड दहा दिवसांत मोडत नाही. त्यामुळे चहा, सामना, भाकरी, मित्राचा फोन, कशानेच सुई हलत नाही. मानसोपचाराच्या भाषेत याला सुखशून्यता म्हणता येईल. अमेरिकेत केंटकी राज्यातल्या लेक्सिंग्टनला अफूच्या व्यसनींसाठी सरकारी रुग्णालय होतं. तिथल्या विल्यम मार्टिन आणि डोनाल्ड जॅसिन्स्की यांनी 1969 सालीच नोंदवून ठेवलंय की मॉर्फिन बंद केल्यावर शरीरातले बदल कित्येक महिने रेंगाळतात. झोप तर सगळ्यांत शेवटी रुळावर येते.

आणखी एक गोष्ट, जी केंद्रांतही फारशी कुणी बोलत नाही. दीर्घकाळ अफूवर्गातले पदार्थ घेतल्याने पुरुषांमधलं टेस्टोस्टेरॉन घटतं. थकवा, कामेच्छा नसणं, आत्मविश्वास खचणं यामागे तेही असू शकतं. गर्द थांबल्यावर हे बहुधा सुधारतं, रक्ततपासणीत कळतंही. लग्न झालेला पुरुष हे बायकोला सांगू शकत नाही, डॉक्टरला तर नाहीच, आणि ‘आपण कायमचे गेलो’ असं ठरवून टाकतो. त्याला ‘हे सुधारतं’ एवढं एक वाक्य कुणी सांगितलं तरी पुष्कळ ओझं उतरतं.

म्हणून वडिलांना द्यायचं उत्तर असं: तोंड पाडून बसलाय कारण सोडलंय. हा कृतघ्नपणा नाही आणि आळसही नाही.

मात्र सगळ्या उदासीचं खापर मेंदूच्या दुरुस्तीवर फोडून वाट बघत बसणंही चुकीचं. या महिन्यांत तीन वेगवेगळी दुःखं एकाच माणसाच्या अंगावर असतात आणि बाहेरून ती सारखीच दिसतात. एक, वर सांगितलेलं, जे काळाबरोबर उतरतं. दुसरं, गर्दच्या आधीपासून असलेलं नैराश्य. हार्वर्डचे मानसोपचारतज्ज्ञ एडवर्ड खान्त्झियन यांनी 1985 साली मांडलं की पुष्कळ लोक नकळत स्वतःवरच उपचार करत असतात. आतला संताप, अपमान, जुनी जखम शमवायला त्यांना अफूचा पदार्थ सापडतो आणि तो लागू पडतो, म्हणूनच चिकटतो. हा सिद्धांत सगळ्यांना लागू होत नाही. पण ज्याला दहावी-बारावीपासूनच रात्री रात्री रडू यायचं त्याचं गर्द सुटलं, की दाबून ठेवलेलं ते सगळं वर येणारच. आणि तिसरं दुःख खऱ्याखुऱ्या नुकसानीचं. विकलेलं आईचं गंठण, मोडलेलं बहिणीचं लग्न, गर्दमध्येच गेलेला जिवलग मित्र. नशेत असताना या कशाचाच शोक झालेला नसतो. शुद्धीवर आल्यावर सगळ्याचं बिल एकदम येतं. याला आजार म्हणायचं कारण नाही. यावर गोळी नसते. कुणीतरी बसून ऐकावं लागतं, आणि जमेल तसं फेडावं लागतं.

डॉक्टर यातला फरक कसा ओळखतात? एक ढोबळ खूण काळाची. नशा थांबून साधारण महिना झाला तरी उदासी तशीच किंवा वाढती असेल, तर ते स्वतंत्र नैराश्य समजून उपचार करावेत, असं निदानाचे प्रचलित निकष सांगतात. दुसरी खूण इतिहासाची: व्यसनाच्या आधी किंवा मधल्या कोरड्या काळात अशी उदासी आली होती का, घरात कुणाला आहे का. आणि तिसरी, जिच्यासाठी महिना थांबायचंच नसतं, ती म्हणजे जीव नकोसा झाल्याची भाषा.

नैराश्यावरच्या गोळ्यांबद्दल स्पष्ट बोलायला हवं, कारण या विषयात दोन्ही टोकांचे गैरसमज आहेत. व्यसनी लोकांमधल्या नैराश्यावर झालेल्या प्रयोगांचा एकत्रित आढावा एडवर्ड न्यूनेस आणि फ्रान्सेस लेव्हिन यांनी 2004 साली घेतला. त्यांचा निष्कर्ष मवाळ होता: गोळ्यांनी उदासीत बऱ्यापैकी फरक पडतो, पण नुसत्या त्या गोळ्यांनी व्यसन सुटत नाही; आणि नशा थांबून किमान आठवडा झाल्यावर निदान केलेलं असेल तर फायदा जास्त दिसतो. गोळीचा परिणाम जाणवायला दोन ते चार आठवडे, कधी जास्त लागतात. ज्या माणसाला पुडीने मिनिटभरात फरक पडायची सवय आहे, त्याच्यासाठी हे फार मोठं अंतर. चौथ्या दिवशी ‘काही उपयोग नाही’ म्हणून तो गोळ्या फेकतो, तेव्हा त्याला रागावण्याआधी हे आठवावं. झोपेच्या गोळ्या मात्र डॉक्टरांच्या नजरेखालीच, मोजून. गर्दच्या जागी त्यांचंच व्यसन लागलेली माणसं कमी नाहीत. दारूचं तेच. ‘गर्द सोडलंय, एखादी बिअर चालते’ म्हणणारा मित्र हा मित्र नव्हे.

आता सगळ्यांत वादाचा मुद्दा. ब्युप्रेनॉर्फिन ही जिभेखाली ठेवायची गोळी गर्दच्याच जागांवर बसते, पण सौम्यपणे आणि दीर्घकाळ. नशा चढत नाही, टर्की लागत नाही, ओढ मंदावते, माणूस कामावर जाऊ शकतो. आपल्या देशात राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या केंद्रांत आणि काही सरकारी रुग्णालयांत ती देखरेखीखाली मिळते. मेथाडोन हे तिचंच जुनं भावंड, न्यूयॉर्कमध्ये व्हिन्सेंट डोल आणि मारी निस्वांडर यांनी 1965 साली पुढे आणलेलं. घरच्यांचा आक्षेप ठरलेला असतो: एक सोडलं, दुसरं धरलं. हा आक्षेप समजण्यासारखा आहे, पण मला तो पटत नाही. 2017 साली अनेक देशांतल्या आकडेवारीचा जो आढावा प्रसिद्ध झाला, त्यात मेथाडोनवर असलेल्या लोकांचा मृत्युदर उपचार सोडलेल्यांच्या तुलनेत तिसऱ्या हिश्शाच्याही आत होता आणि ब्युप्रेनॉर्फिनवर असलेल्यांचा निम्म्याहून कमी. वारंवार घसरणाऱ्याला ही गोळी नाकारून ‘मनाचा निग्रह’ शिकवणं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळणं आहे. पूर्ण कोरडं राहणं ज्यांना जमतं त्यांनी जरूर राहावं. ज्यांना जमत नाही त्यांना आपण मरू द्यायचं का, हा प्रश्न आहे.

मराठीत या सगळ्याचा विचार व्हायला सुरुवात झाली ती 1980च्या दशकात. मुंबई-पुण्याच्या वस्त्यांत गर्द पसरत होतं, अमली पदार्थांविरुद्धचा कायदा 1985 साली आला, आणि अनिल अवचटांनी या विषयावर लिहिलेल्या लेखांनी अनेक मध्यमवर्गीय घरं हादरली. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी एक लाख रुपये दिले आणि 29 ऑगस्ट 1986 रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. प्रमुख होत्या डॉ. अनिता अवचट, त्याच रुग्णालयातल्या मानसोपचारतज्ज्ञ. या संस्थेची कहाणी अवचटांनी ‘मुक्तांगणची गोष्ट’मध्ये सांगितली आहे. तिच्यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी बाब म्हणजे तिथली माणसं टर्कीवर थांबली नाहीत. तिथे पूर्वी उपचार घेतलेलेच पुढे कार्यकर्ते आणि समुपदेशक झाले. विझलेल्या मुलासमोर जो बसतो तो स्वतः त्या महिन्यांतून गेलेला असतो. ‘मलाही दोन महिने चव नव्हती’ हे त्याने सांगणं आणि डॉक्टरांनी सांगणं यांत फरक पडतो. बायकांसाठी ‘सहचरी’ हा गट आहे, कारण नवरा कोरडा राहिल्यावर वर्षानुवर्षं दाबलेला तिचा राग वर येतो आणि तिला तो काढायला जागा लागते. व्यसनमुक्तीचे वाढदिवस तिथे साजरे होतात. डॉ. अनिता अवचट 1997 साली कर्करोगाने गेल्या, अनिल अवचट 2022 साली. काम मुक्ता पुणतांबेकर पुढे चालवतात.

केंद्रात असतो तो धीर घरी आल्यावर कुठे जातो, याचं उत्तरही लेक्सिंग्टनच्याच रुग्णालयात मिळालं. तिथले डॉक्टर अब्राहम विक्लर यांना 1940च्या दशकात विचित्र गोष्ट दिसली. कित्येक महिने नशामुक्त असलेला माणूस जुन्या विषयावर बोलायला लागला की नाक गळायचं, जांभया यायच्या, डोळ्यांना पाणी. शरीरात मॉर्फिनचा कणही नाही आणि टर्की हजर. जागा, माणसं, वस्तू यांच्याशी टर्की आणि ओढ दोन्ही बांधली जातात. आपल्या जुळे सोलापूरच्या घरात हे कसं घडेल? आई सकाळी डबा भरताना पोळ्या गुंडाळायला चांदीच्या कागदाची गुंडाळी काढते, टर्रकन तुकडा फाडते. गर्द ओढतात ते अशाच पन्नीवर, खालून काडी धरून. कॉटवरच्या मुलाच्या पोटात गोळा येतो, कपाळाला घाम सुटतो आणि त्याला कळतही नाही का. आईला तर नाहीच नाही. यावर उपाय अगदी साधा आहे: त्याने सांगावं, तिने पोळ्या फडक्यात बांधाव्यात. पण सांगायचं तर आधी दोघांनाही माहीत हवं की हे असं होतं, आणि झालं म्हणजे तो परत चालू करणार असं नाही. ओढीची लाट साधारण अर्ध्या तासात आपण होऊन खाली बसते. तेवढा वेळ कुणाबरोबर तरी काढायचा, फोनवर का होईना.

मग जागाच बदलली तर? व्हिएतनाम युद्धात गेलेल्या अमेरिकी सैनिकांपैकी जवळजवळ पाचवा हिस्सा तिथे हेरॉईनच्या आहारी गेला होता. हे परतल्यावर काय होणार म्हणून 1971 साली वॉशिंग्टनमध्ये घबराट उडाली. समाजशास्त्रज्ञ ली रॉबिन्स यांनी त्यांचा माग घेतला, तर तिथे व्यसनी झालेल्यांपैकी परतल्यावर पहिल्या वर्षात पुन्हा अडकलेले निघाले फक्त पाच टक्क्यांच्या आसपास. त्या काळी कुणाचा विश्वास बसला नाही. हा दाखला देऊन आपल्याकडे पुष्कळजण मुलाला मामाकडे धाडतात किंवा जुन्या पेठेतलं घर सोडून नव्या वसाहतीत येतात. पण सैनिक परतले ते आईवडिलांत, नोकरीत, शेतीत, बायकोपोरांत. त्यांचं पूर्ण आयुष्य बदललं होतं. आपला मुलगा पुण्याहून जुळे सोलापुरातल्या फ्लॅटमध्ये येतो, जिथे शेजारी कुणी ओळखत नाही, दिवसभर दार बंद आणि हातात मोबाईल, ज्यात पुरवणाऱ्याचा नंबर अजून आहे. गाव बदललं, दिवस रिकामाच राहिला.

आणि रिकामा दिवस हाच इथला खरा शत्रू आहे. गर्द ओढणाऱ्याचा दिवस बाहेरच्याला वाटतो तसा बेकार नसतो. पैसे उभे करायचे, माणूस गाठायचा, पुडी आणायची, लपायचं, ओढायचं, पुन्हा पैसे. हे सोलापूर एकेकाळी गिरणीच्या भोंग्यावर उठायचं, जेवायचं आणि झोपायचं. गर्द हा त्या मुलाच्या दिवसाचा भोंगा होता. 1963 साली ‘जुनी मिल’ ही गिरणी बंद पडली तेव्हा कामगारांचा पगार गेलाच, पण सकाळी कशासाठी उठायचं हेही गेलं, असं जुनी माणसं सांगतात.

नैराश्यावरच्या उपचारांत एक बिनखर्चाची आणि चांगली तपासलेली पद्धत आहे: मन लागण्याची वाट न बघता आधी छोटं काम करायचं, मन मागून येतं. काम ठरलेल्या वेळेचं हवं, दुसऱ्या कुणाच्या तरी उपयोगाचं हवं, आणि पूर्ण झालेलं दिसायला हवं. सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं, तेही अवेळी. पाणी आलं की उठून पिंपं, टाकी, कळशा भरणं हे काम त्या मुलाकडेच द्यावं. हसू नका. यात उठण्याची वेळ आहे, अंगमेहनत आहे, घर त्याच्यावर अवलंबून आहे, आणि अर्ध्या तासात भरलेली पिंपं डोळ्यांसमोर उभी आहेत. मग सकाळी ऊन चढायच्या आत कंबर तलावापर्यंत चालणं, एकट्याने नव्हे, वडिलांबरोबर किंवा शेजारच्या काकांबरोबर. बोलायची सक्ती नाही. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर असतो, घरात झोप येणं मुळातच अवघड. गच्चीवर अंथरूण टाकावं, दुपारची झोप तोडावी, उठण्याची वेळ मात्र रात्र कशीही गेली तरी तीच ठेवावी. महिन्या-दीड महिन्याने अर्धवेळ काम. पूर्ण पगाराची, रोख हातात येणारी नोकरी लगेच नको. पगाराचा दिवस हा घसरण्याचा दिवस असतो, हे व्यसनमुक्तीत काम करणारा कुणीही सांगेल.

हेच तत्त्व सोलापूर जिल्ह्याने मोठ्या प्रमाणावर वापरून पाहिलेलं आहे, फक्त विकणाऱ्यांच्या बाजूने. ग्रामीण पोलिसांच्या धाडींनी मुळेगाव तांड्यासारख्या ठिकाणच्या हातभट्ट्या वर्षानुवर्षं बंद होत आणि परत पेटत. 2021 साली तेव्हाच्या पोलीस अधीक्षक तेजस्वी सातपुते यांनी ‘ऑपरेशन परिवर्तन’ सुरू केलं: धाड घालायचीच, पण भट्टी गेल्यावर त्या कुटुंबाने उद्यापासून काय करायचं, शिलाई, नोकरी, छोटा धंदा, याचीही तजवीज करायची. तांड्याबाबत जे पोलिसांना सुचलं ते घरातल्या मुलाबाबत आपल्याला सुचू नये?

घरच्यांसाठी दोन-तीन गोष्टी, थोडक्यात. पैसे आणि किल्ल्यांबाबत नियम ठरवा, पण ते त्याच्यासमोर बोलून. उशीखाली चाचपडणं आणि खिसे उलटे करणं थांबवा. संशय आला तर सरळ विचारा, नाहीतर लघवीची तपासणी करून घ्यायचं आधीच ठरवून ठेवा. उदास दिसला की ‘ओढलंस का?’ हा पहिला प्रश्न नको. आणि ‘तुझ्यामुळे’ने सुरू होणारी वाक्यं सहा महिने बाजूला ठेवा, तो ती स्वतःच्या मनात दिवसभर म्हणतच असतो.

यापुढचा भाग गंभीर आहे, तो आत्ताच वाचावा.

गर्द बंद असताना शरीराची सहनशक्ती झपाट्याने उतरते. महिन्या-दोन महिन्यांनी एखाद्या उदास संध्याकाळी माणूस परत पुडी आणतो आणि पूर्वीइतकीच मात्रा घेतो. पूर्वी जी पचत होती ती आता श्वास थांबवू शकते. केंद्रातून किंवा तुरुंगातून बाहेर आल्यावरचे पहिले आठवडे म्हणूनच सर्वांत धोक्याचे. हाक मारून, हलवून जागा होत नाही, श्वास अडखळतोय किंवा घरघर लागलीय, ओठ-नखं निळसर, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, अशी स्थिती असेल तर 108 ला फोन करा, कुशीवर वळवा, एकटं सोडू नका आणि डॉक्टरांना गर्दचं नाव सांगा. नॅलॉक्सोनचं इंजेक्शन वेळेत मिळालं तर माणूस परत येतो. अब्रूपायी लपवलं तर ते दिलं जात नाही.

दुसरा धोका आत्महत्येचा. व्यसन आणि नैराश्य एकत्र असतं तिथे तो वाढतो. ‘माझ्यामुळे सगळ्यांना त्रास’, ‘आता थोडे दिवस’, अचानक वस्तू वाटून टाकणं, अचानक फार शांत होणं, हे दिसलं तर विचारा: “मरावंसं वाटतंय का?” विचारल्याने कल्पना डोक्यात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ असेल तर त्या रात्री त्याला एकटं ठेवू नका आणि लगेच मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. 2017च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरलं जातं. पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळायचं कारण नाही. याच कायद्यात दारू आणि अमली पदार्थांशी निगडित मानसिक अवस्थांचा मानसिक आजारात समावेश आहे आणि विमा कंपन्यांनी शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांनाही संरक्षण द्यावं असं बंधन आहे. अमली पदार्थांविरुद्धच्या 1985च्या कायद्याचीही भीती अवाजवी असते: त्यातल्या कलम 64अ नुसार सेवन करणारा किंवा थोडक्या मात्रेसह सापडलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला तयार झाला, तर त्याच्यावर त्याबद्दल खटला चालत नाही, अट एवढीच की उपचार पूर्ण करावे लागतात.

किती दिवस चालतं हे सगळं? बहुतेकांची उदासी पहिल्या काही महिन्यांत हळूहळू विरळ होत जाते, सरळ रेषेत नाही. चार दिवस बरे, मग दोन वाईट. मध्येच घसरला तर सगळं पाण्यात गेलं असं समजू नये. मधुमेहाची साखर वर गेली म्हणून कुणी इन्सुलिन सोडून देत नाही. परत केंद्राशी बोलायचं आणि तिथून पुढे चालू.

सोलापुरात सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात जाता येतं. घरबसल्या बोलायचं तर ‘टेली-मानस’चा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही, व्यसनमुक्तीसाठी 14446. दोन्ही मोफत. जाताना केंद्राचे जुने कागद आणि चालू गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या, आणि पहिल्या भेटीला त्याला एकट्याला पाठवू नका.